प्रस्तरारोहणाचे छायाचित्रण

नैसर्गिक कडे, सुळके आणि मोठ्या शिळा चढणाऱ्या आरोहकांची छायाचित्रे घेण्याची कला व तिचे तंत्र. दोराच्या संरक्षणाने केलेली उंच कड्यांवरील चढाई आणि दोराविना, कमी उंचीच्या शिळांवर केले जाणारे बोल्डरिंग या दोहोंचा त्यात समावेश होतो. येथे कॅमेऱ्याच्या दर्जापेक्षा छायाचित्रकाराची जागा अधिक निर्णायक ठरते, कारण कड्याचा उभेपणा, आरोहकाखालची पोकळी आणि त्याच्या बोटांखालची पकड या तिन्ही गोष्टी एका चौकटीत आणणारी ठिकाणे थोडीच असतात.

इंग्लंडमधील केझिक येथील जॉर्ज व अ‍ॅशली एब्रहॅम या बंधूंनी १८९० च्या दशकात काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा लेक डिस्ट्रिक्टच्या कड्यांवर वाहून नेला. प्रकाशाला मंद प्रतिसाद देणाऱ्या प्लेटांमुळे आरोहकाला अवघड जागीही निश्चल राहावे लागे. तरीही त्या चित्रांतील कातळाचा पोत आजही थक्क करतो. पुढे ३५ मिमी फिल्मचे लहान कॅमेरे आले आणि चढाईतील सहभागीच छायाचित्रकार झाला. अमेरिकी आरोहक टॉम फ्रॉस्ट यांनी १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याच्या एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरील ‘सालाथे वॉल’ या मार्गाच्या पहिल्या चढाईत स्वतः चढत असतानाच छायाचित्रे घेतली. अमेरिकी आरोहक-छायाचित्रकार गेलन रोवेल १९७३ मध्ये योसेमिटीतीलच हाफ डोम या शिखराच्या वायव्य कड्यावरील, खिळे न ठोकता केलेल्या चढाईत सहभागी होते. ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या जून १९७४ च्या अंकातील त्यांच्या छायाचित्रांमुळे कातळाला इजा न करणारी ही पद्धत सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली.

पायथ्यावरून घेतलेल्या चित्रात बहुधा बुटांचे तळवे आणि पाठच दिसते, चेहरा दिसत नाही, आणि वर पाहताना उंचीही आखडल्यासारखी वाटते. म्हणून छायाचित्रकार माथ्यावरून कमी ताणल्या जाणाऱ्या स्थिर दोरावर उतरतो आणि जुमारच्या (दोरावर पकड घेऊन वर सरकण्याच्या साधनाच्या) साहाय्याने वर-खाली सरकत आरोहकाच्या थोडे वर व एका बाजूला थांबतो. त्याचा दोर आरोहकाच्या अँकरपासून (दोर कातळाला बांधण्याच्या आधारापासून) स्वतंत्र असावा, त्याच्या मार्गात लोंबू नये आणि कडेचे सैल दगड त्याने हलू नयेत. भिंगाचे झाकणसुद्धा खाली उभे राहून आरोहकाचा दोर सांभाळणाऱ्या बिलेअरसाठी घातक ठरू शकते, त्यामुळे प्रत्येक वस्तू बांधूनच न्यावी लागते.

प्रकाशाच्या बाबतीत आरोहक व छायाचित्रकार या दोघांच्या गरजा नेहमी जुळत नाहीत. थंड कातळावर पकड चांगली मिळते, म्हणून आरोहक सावली पसंत करतो. छायाचित्रकाराला मात्र कातळाचा खडबडीतपणा उठून दिसावा यासाठी तिरपे ऊन हवे असते. फिकट चुनखडकामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि चित्र काळवंडते, तेव्हा एक्स्पोजर (चित्रावर पडणारा प्रकाश) हाताने वाढवावे लागते. झेप गोठवण्यासाठी साधारण १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर वापरले जाते.

बोल्डरिंगमध्ये उंची कमी असल्याने पोकळीचा आधार मिळत नाही. चित्राचा सारा भार शरीराची ठेवण, ताणलेली बोटे आणि चेहऱ्यावरील एकाग्रता यांवर पडतो. रुंद कोनाचे भिंग घेऊन जवळ गेल्यास शिळेचा आकार कळतो, परंतु पडण्याच्या जागेत किंवा स्पॉटरच्या (पडणाऱ्याला सावरण्यासाठी खाली उभ्या साथीदाराच्या) आड उभे राहणे अक्षम्य आहे. क्रॅशपॅड (पडल्यास इजा टाळण्यासाठी खाली अंथरलेल्या जाड गाद्या) चौकटीतून वगळण्याची सवय अनेकांना असते. ते दिसू दिल्यास उंची व धोका दोन्ही खरेपणाने कळतात.

सत्यतेचा प्रश्न येथे वारंवार उद्भवतो. कॅमेरा किंचित कलता धरला की साधा उतारही पुढे झुकलेला भासतो. लोंबता दोर, झाडे किंवा क्षितिज चौकटीत असल्यास ही फसवणूक उघड होते. कठीण चढाई यशस्वी झाल्यावर तिचे काही टप्पे पुन्हा चढून चित्रे घेणे रूढ आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते चित्र प्रत्यक्ष चढाईच्या क्षणाचे म्हणून देऊ नये.

दोराविना एकट्याने केलेल्या उंच चढाईत छायाचित्रकाराचे अस्तित्वच विचलित करणारे ठरू शकते. अमेरिकी आरोहक अ‍ॅलेक्स होनोल्ड यांनी ३ जून २०१७ रोजी सुमारे ९०० मीटर उंचीचा एल कॅपिटन ‘फ्रीरायडर’ मार्गाने असा चढला, तेव्हा छायाचित्रकार व चित्रपटकार जिमी चिन यांच्या पथकाने सर्वांत अवघड टप्प्यावर माणूस न ठेवता दूरनियंत्रित कॅमेरे बसवले होते.