हातावरचे गोंदण

सुईने त्वचा टोचून त्यात काजळीचा रंग मुरवायचा आणि हातावर कायमची नक्षी उमटवायची, ही स्त्रियांची जुनी रीत. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू, मनगट, पंजाची पाठ आणि बोटे या तिच्या ठरलेल्या जागा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक जातीजमातींत बायकांच्या हातांवर गोंदण असे. आज ते मुख्यतः म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर दिसते. तरुण मुली टॅटू म्हणून स्टुडिओत जाऊन नव्या नक्ष्या काढून घेतात. सुई, रंग आणि कातडी या तिन्हींचा खेळ मात्र दोन्हीकडे एकच आहे. हातासाठी नक्षी शोधणाऱ्या मुलीला आजीच्या हाताकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून या नोंदीत जुन्या गोंदणाला जास्त जागा दिली आहे.

गोंदणारणी आणि त्यांचे काम

गोंदण्याचे काम बहुधा भटक्या समाजांतल्या बायकांकडे असे. त्या गावोगाव फिरत, आठवडी बाजारात आणि जत्रेत बसत. मोबदला धान्य, भाकरी, जुने लुगडे असा मिळे. पैसे पुढे आले. मध्य भारतात गोंड आणि बैगा बायकांना बादी समाजातल्या बायका गोंदत, तर दक्षिणेत कोरवा बायकांचा या कामात हातखंडा होता. आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे ही कला जाई. नक्ष्यांची वही नसे. सगळे आकार गोंदणारणीच्या बोटांत असत.

रंगासाठी दिव्याची काजळी धरीत. ती पाण्यात, एखाद्या पाल्याच्या रसात किंवा बाळंतिणीच्या दुधात कालवीत. बैगांमध्ये रामतिळाच्या, म्हणजे कारळ्याच्या, तेलाची काजळी वापरतात. दोनतीन किंवा अधिक सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या असत. मुलीचा हात मांडीवर घ्यायचा, डाव्या अंगठ्याने कातडी ताणून धरायची, काडीने रंगाची नक्षी आखायची आणि त्या रेघेवरून सुया भराभर टोचत न्यायच्या. रक्ताचे बारीक थेंब वर आले की ते पुसून त्यावर पुन्हा काजळी चोळायची. शेवटी हळद आणि तेल. हात दोनतीन दिवस सुजे, मग खपली धरे. खपली पडली की खालून हिरवट निळी रेघ दिसू लागे. मूल रडू नये म्हणून बऱ्याच प्रांतांत गोंदणारणी गाणी म्हणत; आई किंवा मावशी दुसरा हात धरून बसे. वय साधारण पाच-सहा वर्षांपासून न्हाण येईपर्यंतचे, आणि पुष्कळ ठिकाणी लग्नाआधी माहेरीच हे उरकून घेण्याची पद्धत होती.

आपल्याकडे यामागे एक श्रद्धा फार खोलवर रुजली आहे. मेल्यावर दागिने उतरवून घेतात, लुगडेही राहत नाही, गोंदण मात्र सोबत येते. सोने ज्यांना कधीच परवडले नाही अशा बायकांनी हे जास्त जिव्हाळ्याने सांगितले आहे. मनगटाभोवतीची ठिपक्यांची ओळ पाटलीच्या जागी, दंडावरची नक्षी बाजूबंदाच्या जागी येते. हा दागिना सावकाराकडे गहाण पडत नाही, चोर नेत नाही आणि नवरा मेला म्हणून कोणी तो काढायला लावत नाही. विधवेच्या हातातून बांगड्या गेल्या तरी तिची तुळस हातावरच राही. गोंदणाचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवणे मला योग्य वाटत नाही.

नक्ष्या

महाराष्ट्रात हातावर सर्वाधिक दिसते ती तुळस. ती कधी नुसते रोप असते, कधी वृंदावनासकट. वृंदावनाचा नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. खाली चौकोनी ओटा, त्यात तिरप्या रेघांची फुली; त्यावर लहान चौथरा; चौथऱ्यातून वर जाणारी एकच उभी रेघ; तिच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने आखूड फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक ठिपका. मंजिरी म्हणजे शेंड्याचे तीन ठिपके. एवढ्यात तुळस पुरी होते. पान रंगवलेले नाही, सावली दिलेली नाही, एक रेघ दुसरीला चिकटलेली नाही.

याच घडणीचे आणखी आकार म्हणजे चंद्रकोर, सूर्य, स्वस्तिक, त्रिशूळ, कमळ, मोर, विंचू, पाळणा आणि लक्ष्मीची पावले. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या भागावर, नाहीतर पंजाच्या पाठीवर, तीन किंवा पाच ठिपके असत. बोटांच्या पेरांवर एकेक ठिपका. विंचू गोंदला की विंचवाची बाधा होत नाही असे मानीत. पाळणा आणि पावले यांतली इच्छा सांगायला नकोच. सर्वांची नक्षी सारखी नसे. गडचिरोलीतल्या माडिया, मेळघाटातल्या कोरकू, नंदुरबारकडच्या भिल्ल आणि तांड्यांवरच्या लमाण बायकांचे गोंदण एकमेकींपासून वेगळे आहे, आणि त्यांच्यात हातासोबत चेहऱ्यालाही महत्त्व आहे. पांढरपेशा घरांतही कपाळावरचा एखादा ठिपका आणि हातावरची तुळस चालत असे, म्हणून ही रीत फक्त रानावनातली किंवा गरिबांची होती असे लिहिणे चूक ठरेल.

नावांचा प्रकार वेगळा सांगायला हवा. ‘राम’, ‘सीताराम’ अशी देवाची नावे, स्वतःचे नाव, भावाचे नाव आणि नवऱ्याचे नाव हातावर गोंदवीत. ज्या काळात बाई नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नसे, उखाण्यात घातल्याशिवाय तर नाहीच, त्या काळात तेच नाव तिच्या हातावर सगळ्यांना दिसेल असे होते. पुष्कळदा ती अक्षरे तिला स्वतःला वाचता येत नसत, आणि गोंदणारणीलाही येत नसत. म्हणून वेलांट्या उलट्या पडलेली, काना हरवलेली नावे सापडतात. सरकारी कागदांवर अंगावरची खूण लिहायची वेळ आली की याच गोंदणाची नोंद होई.

रंग का टिकतो आणि का पसरतो

त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी साधारण महिनाभरात झडून जातात. गोंदणाची सुई त्याखालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल, रंग पोहोचवते. तिथे शरीरातल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिले. रंग जागेवर राहतो तो या देवाणघेवाणीमुळे. काजळी काळी असली तरी ती कातडीच्या आत असल्याने वरून निळसर हिरवी दिसते, कारण प्रकाश त्वचेतून जाताना निळी छटा जास्त विखुरते. आपण ज्याला हिरवे गोंदण म्हणतो त्यात हिरवा रंग घातलेला नसतो.

वर्षे जातात तशी प्रत्येक रेघ थोडी जाड आणि धूसर होते. हाताला ऊन जास्त लागते, धुणीभांडी आणि घासणे रोजचे, त्यामुळे पाठीवरच्या किंवा दंडावरच्या गोंदणापेक्षा हातावरचे लवकर बदलते. तळहात आणि बोटांच्या कडा तर रंग नीट धरतच नाहीत. तिथली कातडी जाड असते आणि सतत घासली जाते. जुन्या गोंदणारणींनी तळहात सोडून दिला आणि आतला हात व पंजाची पाठ धरली, यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. नक्षीही त्यांनी त्याच हिशेबाने ठेवली. तुळशीच्या दोन फाट्यांमध्ये जे अंतर सोडलेले असते ते पन्नास वर्षांनी रेघा फुगल्यावर उपयोगी पडते. म्हाताऱ्या हातावर तुळस अजून तुळस म्हणून ओळखू येते ती त्या मोकळ्या जागेमुळे.

आजच्या हातावर

गोंदणाचे विजेवरचे यंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ मध्ये पेटंट केले. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून त्याने ते बेतले होते. तेच तंत्र आपल्याकडे जत्रांत बॅटरीवरच्या यंत्राच्या रूपाने आले आणि फळ्यावर मांडलेल्या नमुन्यांतून बोट दाखवून मोर, ॐ किंवा नाव काढून घेण्याची सोय झाली. शाळा शिकलेल्या मुलींना मधल्या काळात गोंदण मागासपणाचे वाटू लागले होते. कित्येकींनी लांब बाह्यांखाली ते झाकले. आता शहरांतल्या स्टुडिओंत मनगटावर चंद्रकोर, त्रिशूळ, मोरपीस, फुलपाखरू, आईच्या हस्ताक्षरातले नाव, बाळाच्या पावलांचा ठसा, बोटावर बारीक पान अशा नक्ष्यांना मागणी आहे. काही मुली आजीच्या हातावरची नक्षी जशीच्या तशी उतरवून घेतात.

सध्या केसासारख्या बारीक रेघांची आणि दाट तपशिलाची आवड आहे. कागदावर आणि पहिल्या वर्षी ती सुंदर दिसते. मनगटावर नखाएवढ्या जागेत पूर्ण चेहरा किंवा चार ओळींचा मजकूर बसवला तर काही वर्षांनी तिथे डाग उरतो. हातासाठी नक्षी घ्यायची तर ती ठिपके, ठळक रेघ आणि मोकळी जागा यांतून उभी राहणारी असावी. अक्षर घेतले तर मोठे घ्यावे. देवनागरीत अनुस्वार आणि वेलांटीच्या पोटात जागा सोडावी, कारण आधी बुजतात ती तीच. मनगटाची नक्षी हाताच्या गोलाईवरून फिरते, म्हणून साचा हात सैल सोडून उमटवून घ्यावा. ताणलेल्या मनगटावर सरळ दिसणारी पट्टी हात खाली सोडला की वाकडी होते. पंजाच्या पाठीवर हाडे आणि शिरा वर असल्याने दुखते जास्त. बोटावरचा ठिपका पुन्हा भरून घ्यावा लागेल हे धरून चालावे.

सुई नवी, पाकिटातून समोर फोडलेली हवी आणि रंगाची वाटीही प्रत्येकीला वेगळी. एकच सुई अनेकांना वापरली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. जत्रेतल्या गोंदणाचा खरा धोका हा आहे. ज्यांच्या जखमेचा व्रण फुगून वाढतो, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोंदून झाल्यावर दोनतीन आठवडे त्या हातात बांगड्या घालू नयेत, साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवू नये, खपली खरवडू नये आणि वर मेंदी लावू नये. लग्नाच्या तोंडावर हातावर गोंदवून घेणाऱ्या मुलींची गाठ नेमकी या मेंदीशीच पडते. भारतातल्या रक्तदानाच्या नियमांनुसार गोंदवल्यानंतर १२ महिने रक्त देता येत नाही.

नोकरीचाही प्रश्न असतो. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या वैद्यकीय नियमांत धार्मिक चिन्ह किंवा नाव असलेले गोंदण चालते, पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे सलाम न करणाऱ्या हातावर, किंवा पंजाच्या पाठीवर असावे, आणि त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान असावे. सैन्यभरतीत हाताची आतली बाजू आणि पंजाची पाठ चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रीतीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर इतरत्र असलेल्या गोंदणाची सूट आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी त्या वर्षीची जाहिरात वाचून मगच जागा ठरवावी.

इतरत्र

गुजरातेत रबारी आणि मेर बायकांच्या हातांवरचे ठिपक्यांचे गोंदण त्राजवा म्हणून ओळखले जाते. त्यात पंजाची पाठ आणि बोटे भरून टाकतात. बिहारच्या मिथिलेत गोदनाचे आकार दुसाध समाजातल्या बायकांनी कागदावर नेले आणि त्यातून मधुबनी चित्रकलेची वेगळी शैली उभी राहिली.

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर ‘हाजिची’ नावाचे स्त्रियांचे गोंदण होते. बोटांवर बाणासारख्या आकृत्या, पंजाच्या पाठीवर आणि मनगटावर चौकोन व गोल. लहानपणी सुरुवात करून लग्नाच्या सुमारास ते पुरे करीत, आणि हाजिची नसलेल्या बाईला मेल्यावर परलोकात त्रास होतो असे मानीत. हजारो कोस दूरच्या दोन समाजांत बायकांनी हातावर रंग टोचून घेतला आणि दोघींनीही त्याचा संबंध मरणानंतरच्या वाटेशी जोडला, हे साम्य मला विलक्षण वाटते. जपानी सरकारने १८९९ मध्ये हाजिचीवर बंदी घातली. उत्तरेकडच्या ऐनू बायकांच्या ओठांवरील आणि हातांवरील गोंदणावर त्याआधीच, १८७१ मध्ये बंदी आली होती. बोस्नियातल्या कॅथलिक बायका हातावर क्रूस गोंदवीत. तुर्की अमलात धर्माची खूण म्हणून ती रीत जपली गेली.

काढून टाकणे

गोंदण पुसण्यासाठी पूर्वी चुना, आम्ल किंवा तापवलेले लोखंड लावीत आणि नक्षीच्या जागी भाजल्याचा व्रण राही. आता लेसरने रंगाचे कण फोडतात. फुटलेले बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेते. यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि खर्च गोंदवण्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. काळा रंग लेसरला सर्वांत लवकर दाद देतो. पिवळा आणि हिरवा चिवट असतात. सावळ्या त्वचेवर लेसरने पांढरट किंवा काळपट डाग पडू शकतो, त्यामुळे हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. जुने काजळीचे गोंदण निव्वळ कार्बनचे असल्याने त्या मानाने सहज फिके होते.