वार लावलेलं पोर

आई-बाप गेलेलं पोर शिकायला पुण्यात आलं की पूर्वी त्याला वार लावून द्यायचे. सोमवारी सदाशिव पेठेत एका घरी, मंगळवारी शनिवार पेठेत दुसरीकडे. सात वार, सात उंबरे. पोट भरायचं. पण पुन्हा भात मागावा की नाही, हे त्याला रोज नव्या घरी नव्याने ठरवावं लागे. या प्रथेचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलोय. पोट भरलं की पोर उभं राहतं, असा त्यामागचा हिशेब. तो अर्धाच खरा आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर 1945 मध्ये तेरेझिनच्या छळछावणीतून सुटलेली सहा मुलं इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये एका घरी आणली गेली. वयं तीन-साडेतीनच्या आसपास. आई-बाप नाझींनी मारलेले. आई म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बालमनाच्या अभ्यासक ॲना फ्रॉइड आणि या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डॅन यांनी त्यांच्या नोंदी 1951 मध्ये प्रसिद्ध केल्या. मुलं खेळणी मोडत, मोठ्यांना चावत, थुंकत. एकमेकांशी मात्र वेगळीच. जेवताना स्वतःच्या घासापेक्षा शेजारच्याला मिळालं का, याची काळजी जास्त. कुत्र्यांची त्यांना फार भीती. एकदा फिरताना कुत्रा दिसला, तेव्हा स्वतः घाबरलेल्या एका मुलीने पुढे होऊन रडणाऱ्या मुलाच्या हातात आपला खेळण्यातला ससा दिला.

आई नव्हती, पण माया जडायला माणसं होती, तीही आपल्याच उंचीची! वर्षभरात ती मोठ्यांनाही हळूहळू जवळ करू लागली आणि इंग्रजी बोलू लागली.

यामागे शरीराचं गणित आहे. धोका जाणवला की मेंदूच्या हुकमावरून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. घटकाभर ते उपयोगी. महिनोन्‌महिने चढंच राहिलं तर स्मरण आणि झोप दोन्ही बिघडतात. लहान मुलाला ही यंत्रणा एकट्याने शांत करता येत नाही. ओळखीच्या माणसाची कूस, आवाज, नुसतं जवळ असणंही ते काम करतं. मात्र माणूस तोच हवा, रोजचा. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या 136 मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यात साधारण दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांना जिव्हाळ्याचं नातं जोडणं जास्त जमलं. उशिरा गेलेल्यांची वाट बंद झाली नाही, चढण मात्र वाढली.

फ्रान्समधल्या बोरिस सिरुलनिकचे आई-बाप असेच छळछावणीत मारले गेले. 1944 मध्ये बोर्दोत ज्यूंची धरपकड झाली, तेव्हा सहा वर्षांचा बोरिस प्रार्थनागृहाच्या शौचालयात लपून वाचला. युद्धानंतर त्याने हे सांगितलं, तर ऐकणाऱ्यांना खरंच वाटेना. मग तो कित्येक वर्षं गप्प राहिला. पुढे मेंदू-मनाचा डॉक्टर झाल्यावर कोसळलेलं माणूस पुन्हा कसं उभं राहतं, हाच त्याचा विषय झाला.

वाराच्या पोराचं मला म्हणूनच कुतूहल वाटतं. सातांपैकी एखाद्या घरी ताट वाढता वाढता “आज गप्प का रे?” असं विचारणारी बाई असेल, तर तो त्या वाराची वाट पाहत असणार.