दहा मिनिटांच्या शेकासाठी गाडी दोन तास आधी का येते

हा कागद नागपुरात आमच्या गाडीने रोज शेकाला, म्हणजे कॅन्सरच्या रेडिएशनला, जाणाऱ्या पेशंटसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी काढला आहे. रोज सकाळी फोनवर तोच प्रश्न येऊन राहिला, की भाऊ मशीनवर तर दहा-पंधरा मिनिटंच झोपवतात, मग तुम्ही दोन तास आधी पेशंटला काहून उचलता, दुसऱ्या सवाऱ्या भरायच्या म्हणून आम्हाला आधी बसवता का. नाही हो. उशिरा निघालो तर आमच्या ड्रायव्हरचीही झोप होते. हे दोन तास तुमच्या लघवीसाठी आहेत, आणि ते स्पष्टच लिहितो, कारण सगळ्यात जास्त दिवस तिथेच खराब होतात.

आमच्याकडे पोटाचे पेशंट जास्त. कोणाचा संडासच्या जागेचा म्हणजे गुदाशयाचा कॅन्सर, कोणाचा अन्ननलिकेचा, कधी जठराचा, कधी लिव्हरचा. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याहून येतात, इथे नातेवाइकाकडे नाहीतर खोली घेऊन राहतात आणि रोज तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला नाहीतर जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला जातात. शेक म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगितलंच असेल, ते परत लिहीत नाही.

गुदाशयवाल्यांनी पुढचं नीट वाचा. गुदाशय खाली ओटीपोटात, त्याच्या पुढच्या अंगाला लघवीची पिशवी, आणि लहान आतडं वरून खाली उतरलेलं असतं. पिशवी भरलेली असली की ती त्या आतड्याला वर ढकलते आणि ते किरणांच्या वाटेतून बरंचसं बाजूला होतं. लहान आतड्याला किरणं फार सोसत नाहीत, जुलाब आणि मुरडा त्यातूनच वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे शेक सुरू व्हायच्या आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन काढला त्या दिवशी तुमची पिशवी जेवढी भरलेली होती, त्यावरूनच किरणं कुठे द्यायची याचा पूर्ण नकाशा बनलेला आहे, म्हणून रोज साधारण तेवढीच भरलेली पाह्यजे. बऱ्याच ठिकाणी शेकाच्या आधी मशीनवरच छोटा स्कॅन घेऊन पाहतात. पिशवी रिकामी दिसली की खाली उतरवतात, पाणी प्या म्हणतात, पाऊण तासाने या म्हणतात, तोवर तुमचा नंबर गेलेला असतो आणि तुमच्यासोबत गाडीतले बाकी चार पेशंटही ताटकळतात, त्यात एखादी मावशी जुलाबाने बेजार झालेली असते.

आता चूक कुठे होते ते सांगतो, आणि ती प्रेमापोटीच होते. पेशंटने बरोबर पाणी पिलेलं असतं, वेळ होत आलेली असते, पोट तणतं, चेहऱ्यावर दिसतं, आणि सोबतची मुलगी नाहीतर सून म्हणते, बाबा जाऊन या ना बाथरूमला, कशाला त्रास करून घेता. बाबा जाऊन येतात आणि पाचच मिनिटांत नाव पुकारतात. झालं, तासाभराची मेहनत गेली. दुसरी पद्धत म्हणजे घरीच दोन ग्लास पाणी पाजून गाडीत बसवणं. वर्धा रोडवर कुठे गाडी अडकली तर पेशंट अजनीच्या पुढेच कासावीस होतो, मग थांबा थांबा करतो, आणि तेही पाणी वाया जातं. मी माझ्या आईला २५ दिवस नेलं आहे आणि पहिल्या आठवड्यात या दोन्ही चुका मी स्वतः केल्या, तेव्हा गाडीची सर्व्हिस वगैरे नव्हती, शेजाऱ्यांची मारुती मागून नेत होतो. तीन वेळा तिला टेबलावरून उतरवलं. ती काही बोलली नाही, पण परत बाकावर येऊन बसताना तिचा चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून आमची पद्धत अशी आहे की पाणी घरी नाही, गाडीत नाही, हॉस्पिटलला पोचल्यावर. पोचलं की पहिले लघवी करून घ्यायची, मग घड्याळ पाहून साधारण अर्धा लिटर पाणी दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं आणि मग पाऊण ते एक तास काही झालं तरी जायचं नाही. किती पाणी आणि किती वेळ हे हॉस्पिटलप्रमाणे बदलतं, तुमच्या कागदावर जे लिहिलं तेच खरं, आमचं ऐकून ते बदलू नका. रस्त्याचा अर्धा-पाऊण तास आणि पाण्याचा सव्वा तास जोडून पाहा, दोन तास होतात की नाही. आम्ही प्रत्येक गुदाशयवाल्या पेशंटला अर्ध्या लिटरची खूण केलेली बाटली देतो, तिचे पैसे वेगळे घेत नाही, आणि ड्रायव्हर पाणी सुरू केल्याची वेळ विचारून लिहून ठेवतो. काही लोकांना ही लुडबुड वाटते. पण वेळ लिहायला लागल्यापासून आमच्या गाडीतले परत उतरवलेले पेशंट फारच कमी झाले, म्हणून ते चालूच ठेवणार.

उन्हाळ्यात हे अजून कठीण होतं. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, पेशंट आधीच सुकलेला असला तर शरीर ते अर्धा लिटर स्वतःसाठीच ठेवून घेतं, तासाभरानेही पिशवी भरत नाही. सोबत कॅपेसिटाबीनच्या म्हणजे केमोच्या गोळ्या चालू असतात, त्यानेही जुलाब लागतात आणि पाणी निघून जातं. मागच्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडचे एक काकाजी सगळं नियमाने करत होते तरी रोज परत पाठवत होते, मग कळलं की लघवी लागेल या भीतीने ते आदल्या संध्याकाळपासून पाणीच बंद करत. त्यामुळे आदल्या दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक चालू ठेवा. किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. जुलाब दिवसातून चार-पाच वेळा व्हायला लागले तर गाडीत आम्हाला नाही, तिथे डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

अन्ननलिका, जठर, लिव्हरवाल्यांचं उलटं असतं. त्यांना बहुतेक वेळा दोन-तीन तास उपाशी यायला सांगतात, कारण जठर भरलं की फुगतं आणि आजूबाजूचं सगळं सरकतं. एकाच गाडीत एक जण पाण्याची बाटली घेऊन आणि दुसरा उपाशी असं बसतात, तेव्हा एकमेकांचं पाहून करू नका. आणि कृपा करून सकाळी तर्री पोहे नको, कोणालाच नको. हरभऱ्याने गॅस होतो, गॅसने गुदाशय फुगतं, मशीनवरच्या स्कॅनमध्ये तेही दिसतं आणि परत उतरवतात. सावजीही पूर्ण शेक संपेपर्यंत ठेवा बाजूला.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. शेक सोमवार ते शुक्रवार असतो, शनिवार-रविवार आराम. लोक शुक्रवारी गावाला जातात, सोमवारी येतो म्हणतात आणि बुधवारी उगवतात, कधी तेरवी, कधी कापूस वेचणी, कधी पोळा. मधल्या दिवसांत उरलेल्या कॅन्सरच्या पेशी परत वाढायला लागतात, आणि अन्ननलिकेच्या किंवा गुदद्वाराच्या कॅन्सरमध्ये हे फार महागात पडतं. चुकलेला शेक कसा भरून काढायचा ते डॉक्टर ठरवतात, कधी शनिवारी बोलावतात, कधी एका दिवसात मध्ये तासांचं अंतर ठेवून दोनदा देतात, पण ते आपण गृहीत धरायचं नसतं. आम्ही आठवड्याचे पैसे एकत्र घेतो त्याचं कारणही हेच, एकदा पैसे भरले की माणूस सोमवारी उठून येतो. मशीन बंद असल्याने शेक झाला नाही तर त्या दिवसाचे पैसे परत, तुम्ही आला नाहीत तर नाही.

गाडीत एकमेकांची फाइल पाहून गोंधळ होतो. त्यांचे ५ दिवसांत झाले, आमचे २८ का? गुदाशयासाठी दोन्ही पद्धती चालतात, एकात रोज ५ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) असे ५ दिवस, दुसऱ्यात रोज १.८ ग्रे असे २५ ते २८ दिवस आणि सोबत गोळ्या, म्हणजे एकूण ४५ ते ५०.४ ग्रे. गाठ कुठे आहे, किती पसरली, ऑपरेशन कधी, यावरून ठरतं. ऑपरेशनच्या आधी शेक का, हेही विचारतात. जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात, २००४ साली तो छापून आला, आधी शेक दिलेल्यांमध्ये पाच वर्षांत त्याच जागी आजार परत येण्याचं प्रमाण ६ टक्के होतं आणि नंतर दिलेल्यांमध्ये १३. ज्यांचा वरच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे त्यांना सहसा शेक देतच नाहीत, ते आतडं हलतं, बाजूला लहान आतडं असतं, आणि ऑपरेशनने भोवतालचा भाग मोकळेपणाने काढता येतो, त्यामुळे शेक नाही सांगितला तर डॉक्टर टाळून राहिले असं समजू नका.

शेजारी बसलेल्या पेशंटची किरणं लागतात का, असं कुजबुजत विचारणारेही आहेत. बाहेरून मशीनने दिलेल्या शेकात मशीन बंद झालं की किरणं संपली, अंगात काही राहत नाही. आम्ही लहान मुलांसोबतही बसवतो, नातवाला बिनधास्त मांडीवर घ्या.

शेकाची जागा कळावी म्हणून अंगावर काढलेल्या खुणा साबणाने घासू नका, पुसट वाटल्या तर स्वतः पेनाने गिरवू नका, टेक्निशियनला दाखवा. पोटावर संडासची पिशवी लावलेल्यांनी एक जास्तीची पिशवी आणि जुना टॉवेल सोबत ठेवा, गाडीत मागची सीट तुमच्यासाठी मोकळी ठेवतो, फक्त बुकिंगच्या वेळी सांगा. शेक झाल्यावर पहिले बाथरूम, मग गाडी, आम्ही थांबतो, हॉर्न वाजवणार नाही.

उद्याची वेळ हॉस्पिटलने बदलली तर रात्री ८ च्या आधी कळवा. पहिल्या दिवशी फाइल आणि प्लॅनिंगच्या दिवशी दिलेला पाण्याचा कागद ड्रायव्हरला दाखवा, तो त्यावरून तुमची उचलायची वेळ लावेल.