वेतन आयोग आणि कर्मचारी संघटना

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे पगार साधारण दर दहा वर्षांनी नेमल्या जाणाऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून ठरतात. पहिला आयोग १९४६ साली नेमला गेला, तर सातव्याची वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. त्यामुळे अहवाल हाती आल्यापासून मंत्रिमंडळाचा निर्णय होईपर्यंतचा काळ कर्मचारी संघटनांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. अर्थसंकल्प सभागृहात येतो तेव्हा पगार आणि पेन्शनचा आकडा बांधील, म्हणजे टाळता न येणाऱ्या खर्चात जाऊन बसलेला असतो आणि त्याला हात लावायला फारसा वाव उरत नाही.

पाचव्या आयोगाच्या वेळी हे सर्वांत ठळकपणे दिसले. नव्या श्रेणीत वेतननिश्चिती करताना मूळ वेतनाच्या २० टक्के वाढ द्यावी, असे आयोगाने १९९७ साली सुचवले होते. संघटनांशी वाटाघाटी झाल्यावर सरकारने ती ४० टक्के केली. किमान वेतनही २,४४० ऐवजी २,५५० रुपये झाले. दहा वर्षांत कर्मचारीसंख्या ३० टक्क्यांनी घटवण्याची शिफारस त्याच अहवालात होती. ती मात्र बाजूला पडली. मग राज्यांच्या कर्मचाऱ्यांनीही तीच वाढ मागितली आणि अनेक राज्यांची तिजोरी पुढे काही वर्षे ओढग्रस्तीत राहिली. याचे खापर एकट्या संघटनांवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण वाढ मान्य करताना तिच्यासाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी सरकारची होती. शिवाय दबाव दर वेळी फळतोच असे नाही. सातव्या आयोगापुढे संघटनांनी किमान २६,००० रुपये मागितले होते. १८,००० मंजूर झाले. जुलै २०१६ चा नियोजित संप मंत्र्यांच्या आश्वासनानंतर पुढे ढकलला गेला, पण किमान वेतन वाढले नाही.

बोलणी जिथे होतात ती संयुक्त सल्लागार यंत्रणा १९६६ साली सुरू झाली. ब्रिटनमधल्या व्हिटली मंडळांच्या (मालक आणि कर्मचारी यांच्या संयुक्त मंडळांच्या) धर्तीवरच्या या यंत्रणेमागे १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाचा अनुभव होता. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा यांवर सक्तीच्या लवादाची, म्हणजे मतभेद तिऱ्हाइताच्या निवाड्यावर सोपवण्याची सोय तिच्यात आहे. तरी लवादाचा निवाडा बदलण्याचा किंवा फेटाळण्याचा अधिकार संसदेकडे राहतो. १९६८ साली गरजाधिष्ठित (कुटुंबाच्या मूलभूत गरजांवरून ठरणाऱ्या) किमान वेतनाचा प्रश्न लवादाकडे सोपवायला सरकारने नकार दिला आणि १९ सप्टेंबरला देशभर एक दिवसाचा संप झाला.

महाराष्ट्रात १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप जुन्या कर्मचाऱ्यांच्या आजही तोंडी असतो. केंद्राच्या दराने महागाई भत्ता ही त्यातली कळीची मागणी होती. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेखाली, हमी असलेली पूर्वीची पेन्शन परत मिळावी म्हणून पुन्हा आठवडाभर संप झाला. देशभरातल्या अशा आंदोलनांनंतर केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळण्याची हमी तिच्यात आहे आणि तिच्यात सरकारचा वाटा मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १८.५ टक्के आहे.

कंत्राटी कर्मचारी, आशा आणि अंगणवाडी सेविका या साऱ्या व्यवस्थेबाहेर आहेत, आणि तिची सर्वांत मोठी उणीव हीच. आशा आणि अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे, मानधन किंवा मोबदला मिळतो; त्यात वाढ हवी तर त्यांना वेगळे आंदोलन करावे लागते. नियमित कर्मचाऱ्यांइतकेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना त्या पदाच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळाले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबमधील एका प्रकरणात दिला आहे.