घास उतरत नाही तेव्हा

'घास उतरत नाही' हे आपण सहसा दुःखाबद्दल म्हणतो. म्हणूनच माझ्या मावशीला खरोखर घास उतरेनासा झाला तेव्हा घरात सगळ्यांनी तोच अर्थ लावला. काका नुकतेच गेले होते. "मनाला फार लावून घेतलंय तिने," असं जो तो म्हणायचा. पुढे छातीत जळजळ सुरू झाली आणि दुखण्याचं नाव बदलून 'पित्त' झालं. मग दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या.

तिच्या शेजारी जेवायला बसलो तेव्हा मला शंका आली. भाकरी आमटीत भिजवून तिचा पार लगदा करायची. दोन घास झाले की थांबायची, उभी राहायची, दोन्ही हात वर ताणून छाती भरून श्वास घ्यायची आणि वरून पेलाभर पाणी प्यायची. छातीत काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटलं की मगच पुढचा घास. आमची जेवणं उरकली तरी तिचं ताट निम्मं भरलेलं. रात्री आडवी झाली की जेवलेला भात जसाच्या तसा उशीवर यायचा. उलटीची कडवट-आंबट चव त्याला नसायची, कारण तो पोटापर्यंत पोहोचलेलाच नसायचा.

या आजाराला ॲकॅलेशिया म्हणतात. दरवर्षी साधारण लाखात एखाद्याला तो नव्याने होतो. आजार दुर्मीळ आहे, पण पित्ताच्या नावाखाली वर्षानुवर्षं दडून राहतो याचं मला फार वाईट वाटतं.

अन्ननलिका म्हणजे नुसता पाइप नव्हे. सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी घास पुढे ढकलते. आपण गिळलं की वरून खाली आकुंचनाची एक लाट जाते आणि आठ-दहा सेकंदांत घास पोटाच्या दाराशी येतो. त्या दाराशी स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते आवळलेलं असतं, म्हणून पोटातलं आम्ल वर येत नाही. गिळताना मात्र ते सैल पडावं लागतं. ते सैल पाडतात नळीच्या भिंतीतल्या बारीक चेतापेशी, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून. ॲकॅलेशियात नेमक्या याच चेतापेशी मरतात. का मरतात ते बहुतेकांच्या बाबतीत नीट उलगडलेलं नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असा दाट संशय आहे. परिणाम असा की कडं सैल पडत नाही आणि लाटही विस्कटते. अन्न वरच साचतं, आंबतं, आणि त्यानेही छातीत जळजळ होते. पित्ताचा गैरसमज होतो तो इथे.

घास अडकतो म्हणणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारावाच: आधी काय अडकायला लागलं? अन्ननलिकेत गाठ वाढत असेल तर बहुधा आधी भाकरी अडकते, मग मऊ भात आणि शेवटी पातळ पदार्थ, आणि हे सगळं काही महिन्यांत घडतं. ॲकॅलेशियात घन आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासूनच अडतात. "मला चहासुद्धा अडकतो," असं मावशी म्हणायची आणि कुणाचा त्यावर विश्वास बसायचा नाही. अर्थात प्रश्नोत्तरांवर थांबून चालत नाही. घास अडकत असेल, त्यातही वय पन्नाशीपुढचं असेल किंवा वजन उतरत असेल, तर कर्करोग नाही ना हे दुर्बिणीने आधी पाहायलाच हवं. पोटाच्या तोंडाशी असलेली गाठ हुबेहूब ॲकॅलेशियाचं सोंग घेऊ शकते.

मावशीची दुर्बिणीची तपासणी झाली होती. "काही नाही, मन रमवा," असं सांगून तिला घरी पाठवलं गेलं. गाठ नव्हती हे खरंच. पण दुर्बिणीला नळीचं अस्तर दिसतं, स्नायूंचा दाब दिसत नाही. सुरुवातीच्या ॲकॅलेशियात दुर्बिणीतून सगळं ठीकठाक दिसू शकतं.

दिसतं ते बेरियमच्या एक्स-रेत. पांढरं बेरियम प्यायला देतात आणि एक, दोन, पाच मिनिटांनी फोटो काढतात. मावशीच्या फोटोत पाच मिनिटांनंतरही पांढरा खांब तसाच उभा होता. वर फुगलेला आणि खाली निमुळता होत पक्ष्याच्या चोचीसारखा टोकदार.

पक्कं निदान होतं ते मॅनोमेट्रीने. दाब मोजणारी एक बारीक नळी नाकातून पोटापर्यंत सोडतात. नाकातून जाताना त्रास होतो, डोळ्यांत पाणी येतं, पण काही मिनिटांत सवय होते. नळीवर साधारण दर सेंटिमीटरला एक असे 36 संवेदक असतात. मग चमचा-चमचा पाणी दहा वेळा गिळायचं. पडद्यावर कमी दाब निळा, जास्त दाब लाल. निरोगी माणसाने गिळलं की रंगाचा एक तिरपा पट्टा वरून खाली उतरत जातो. मावशीच्या पडद्यावर तिरपं काहीच नव्हतं. सगळी नळी एकदम दाबली जाऊन उभा पट्टा उमटायचा आणि तळाची लाल रेघ जागची हलायची नाही. हा ॲकॅलेशियाच्या तीन प्रकारांतला दुसरा. पहिल्यात नळी अगदीच निपचित पडलेली असते, तिसऱ्यात ती अवेळी पेटके आल्यासारखी आवळते. उपचारांना दुसरा प्रकार सर्वांत चांगली साथ देतो, म्हणून प्रकार ओळखणं महत्त्वाचं.

उपचारांची कल्पना साडेतीनशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी 1674 मध्ये अशा एका रुग्णाची हकिगत लिहिली. त्यांनी देवमाशाच्या लवचिक पट्टीच्या टोकाला स्पंजाचा बोळा लावून दिला. तो माणूस जेवायचा, नळी भरली की पट्टी घशात घालून अन्न पोटात ढकलायचा. 15 वर्षं तो असाच जगला. एरवी उपाशी मेला असता.

आजचे उपायही त्या कड्याचीच वाट मोकळी करतात. तीन-चार सेंटिमीटर रुंदीचा फुगा त्यात फुगवून तंतू ताणतात, यात क्वचित नळी फाटण्याचा धोका असतो. 1913 मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट हेलर यांनी ते स्नायू बाहेरून कापले. हीच शस्त्रक्रिया आता पोटावर छोटी छिद्रं पाडून करतात. 2008 मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी आणखी वेगळी वाट काढली. तोंडातून दुर्बीण घालायची, अस्तराला छोटा छेद द्यायचा, अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये बोगदा खणत खाली जायचं, कडं आतूनच कापायचं आणि येताना छेद क्लिपांनी मिटवायचा. याला पोएम म्हणतात. मुंबई-पुण्यातही ते होतं. बोटॉक्सचं इंजेक्शनही आहे, पण त्याचा गुण काही महिनेच टिकतो, म्हणून ते भूल न झेपणाऱ्यांसाठी ठेवतात.

पोएमने बाहेर व्रण राहत नाही, पण दार उघडं राहिलं की आम्ल वर येतं. हेलरच्या शस्त्रक्रियेत पोटाचा वरचा भाग दुमडून त्याला आडोसा करता येतो. पोएममध्ये एरवी तसं होत नाही, त्यामुळे नंतर आम्लाचा त्रास जास्त जणांना होतो. हे आधी स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

मावशीचं पोएम झालं. नंतरच्या बेरियममध्ये पहिल्याच मिनिटाला खांब रिकामा झालेला दिसला. मेलेल्या चेतापेशी काही परत येत नाहीत, त्यामुळे लाट नाहीच. आता घास उतरतो तो आपल्या वजनाने. म्हणून ती ताठ बसून जेवते, रात्रीचं जेवण सातलाच उरकते आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा ठेवते. पित्ताची गोळी तिला आता खरोखरीच लागते. गेल्या रविवारी तिने ज्वारीची अख्खी भाकरी खाल्ली, कोरडी, पिठल्याबरोबर. आणि आमच्याबरोबरच ताटावरून उठली.