आठवण खरी कशावरून?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत, लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती आणि दगडमातीची माळवदं अंगावर आली. समजा, तेव्हा दोन वर्षांचा असलेला एक जण आज लातुरात सांगतो, "आई मला पोटाशी धरून अंगणात पळाली, मला लख्ख आठवतंय." तो खोटं बोलत नाही. पण ही आठवण आहे का?

सगळं ज्ञान अनुभवातून येतं असं मानणाऱ्या तत्त्वज्ञांना हा प्रश्न फार छळतो. जॉन लॉकने आधी स्मृतीला कल्पनांचं, म्हणजे मनातल्या विचार-प्रतिमांचं, कोठार म्हटलं. पण त्याच्याच मते जाणवत नसलेली कल्पना मनात असूच शकत नाही. मग कोठारात काय ठेवणार? १६९४ च्या आवृत्तीत त्याने खुलासा केला: स्मृती म्हणजे जुनी कल्पना पुन्हा जागवण्याची शक्ती, आणि सोबत 'हे आपण पूर्वी अनुभवलंय' ही जाणीव. मला ही दुरुस्ती मूळ उपमेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

पुढे १७३९ मध्ये डेव्हिड ह्यूमने दोन खुणा दिल्या. आठवण मनाने रचलेल्या चित्रापेक्षा ठसठशीत असते आणि घटनांचा मूळ क्रम राखते. मात्र क्रम पडताळायला मूळ अनुभव परत आणता येत नाही, हे त्यानेच मान्य केलं. उरला ठसठशीतपणा. तोही दगा देतो: तेच खोटं वारंवार सांगणाऱ्याला शेवटी ते आठवू लागतं, असं ह्यूमच लिहितो.

बर्ट्रांड रसेलने १९२१ मध्ये 'हे ओळखीचं आहे' या भावनेवर भर दिला. पण जग पाच मिनिटांपूर्वीच, खोट्या आठवणींसकट, निर्माण झालं असेल तर ते तर्काने खोडता येत नाही, हेही त्यानेच दाखवलं.

ठसठशीत आठवणही दगा देते, ही शंका मानसशास्त्राच्या अभ्यासाने खरी ठरवली. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाइसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा अनेकांनी भलतंच सांगितलं, तेही छातीठोकपणे. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवूनही मूळ आठवण परतली नाही.

१९६६ मध्ये मार्टिन आणि डॉइचर या तत्त्वज्ञांनी मनातल्या चित्राच्या आतली खूण शोधणं सोडलं. आजचं चित्र त्या अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशातूनच उमटलं असेल, तर ती आठवण. त्यांच्या उदाहरणातला चित्रकार, कल्पनेनेच रंगवतोय असं समजून, एक शेतघर रंगवतो; ते त्याने लहानपणी पाहिलेलं निघतं. म्हणजे आठवतंय, हे त्यालाच ठाऊक नाही!

लातूरच्या त्या माणसाचं नेमकं उलट असावं. बहुतेक प्रौढांच्या पहिल्या आठवणी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या असतात, आणि त्याच्या घरी ती रात्र तीस वर्षं सांगितली गेली आहे. अंगण त्याच्या डोळ्यांनी टिपलं की आजीच्या शब्दांनी रंगवलं, हे त्याने डोळे मिटून कितीही आठवलं तरी ठरणार नाही.