विश्वोत्पत्तीच्या सिद्धान्तानं काय काय सांगायचं?

विश्वाच्या उत्पत्तीच्या सिद्धान्ताकडून सुरुवातीला फार मागणी नव्हती. दीर्घिका आपल्यापासून दूर का जातात आणि जितक्या लांब तितक्या वेगानं का, याचा खुलासा 1929 नंतर हवा होता. 1940 च्या दशकात त्यात हलक्या मूलद्रव्यांची भर पडली. साध्या द्रव्याच्या वस्तुमानाचा जवळपास चौथा हिस्सा असलेलं हेलियम एकट्या ताऱ्यांच्या नावावर टाकता येत नाही. 1965 मध्ये सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण, म्हणजे विश्वाच्या तप्त बालपणातला उरलेला प्रकाश, सापडल्याचं जाहीर झालं आणि प्रसरण पावूनही विश्व कायम एकसारखंच राहतं ही ‘स्थिर स्थिती’ची कल्पना मागे पडली.

पुढचा वाद त्याच प्रारणातून उभा राहिला. त्याचं तापमान कुठेही पाहा, 2.725 केल्विन, फरक लाखात एका भागाच्या आसपास. ते मोकळं सुटलं तेव्हा विश्वाचं वय सुमारे 3 लाख 80 हजार वर्षं. साध्या महास्फोटाच्या (बिग बँगच्या) हिशेबानं, आज आकाशात काही अंशांवर असलेल्या दोन भागांचा तोवर प्रकाशाच्या वेगानंही एकमेकांशी संबंधच आलेला नसणार. मग तापमान जुळलं कसं?

‘सुरुवातच तशी होती’ हेही एक उत्तर आहे. आरंभस्थिती दिलेली आहे असं मानूनच भौतिकशास्त्र एरवी चालतं. पण 1980 च्या सुमारास काही सैद्धान्तिकांनी तिचंही कारण मागायचं ठरवलं. कुठल्याही निरीक्षणानं ही सक्ती केली नव्हती. पाठ्यपुस्तकं मात्र ती निसर्गानंच घातलेली अट असल्यासारखी मांडतात.

त्यातून स्फीतीची कल्पना आली: पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात अवकाश प्रचंड फुगलं, म्हणून एकेकाळी शेजारी असलेले भाग आज दूर दिसतात. तिचं श्रेय नाकारता येत नाही. तापमानातल्या चढउतारांची ठेवण कशी असावी याचं भाकीत 1980 च्या दशकातच झालं होतं, आणि उपग्रहांच्या मोजणीत ते बऱ्यापैकी खरं ठरलं. पण स्फीतीची प्रारूपं इतकी आहेत की कुठलंही निरीक्षण त्यांतल्या एखाद्यात बसवता येतं, हा आक्षेप मला तरी टाळण्याजोगा वाटत नाही. 2014 मध्ये आदिम गुरुत्वीय लहरींची, म्हणजे स्फीतीनं अवकाशात उठवलेल्या तरंगांची, खूण सापडल्याचा गाजावाजा झाला. वर्षभरात कळलं की तो संकेत बराचसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा. 2017 मध्ये ‘हे विज्ञान तरी आहे का’ अशी टीका छापून आली, तेव्हा 33 शास्त्रज्ञांनी सह्यांनिशी उत्तर दिलं.

एव्हाना मागण्या वाढल्याच होत्या. प्रसरणाचा वेग वाढतोय हे 1998 मध्ये दिसलं. प्रतिद्रव्य, म्हणजे द्रव्याचं उलट विद्युतभाराचं जुळं रूप, आज जवळपास का दिसत नाही, हा प्रश्न तर त्याहून जुना. द्रव्य थोडं जास्त उरण्यासाठी लागणाऱ्या तीन अटी 1967 मध्येच मांडल्या गेल्या होत्या. पण स्फीती मान्य केली की ‘सुरुवातीपासूनच द्रव्य जास्त होतं’ ही पळवाटही बंद होते, कारण त्या फुगण्यात आधीचा असमतोल पार विरळ होतो. तो नंतरच तयार व्हायला हवा, आणि ज्ञात कणांच्या नियमांतून जमेस धरता येणारा असमतोल त्यासाठी फारच तोकडा पडतो.